मे महिन्यात बिलुंड : वाचकांचे प्रश्न

डेन्मार्कमधलं बिलुंड हे लेगोचं, म्हणजे एकमेकांत अडकणाऱ्या प्लॅस्टिकच्या खेळण्यातल्या विटांचं गाव. ओल कर्क क्रिस्टियनसन या सुताराने १९३२ मध्ये इथे लाकडी खेळण्यांचा कारखाना काढला, आणि १९६८ मध्ये गावालगतच लेगोलँड हे मनोरंजन उद्यान सुरू झालं. मुलांना घेऊन तिथे जायचं ठरवलेल्या पुण्यातल्या वाचकांचे निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरं या वेळी देत आहोत.

प्रश्न : आम्ही दोघं, सहा वर्षांची मुलगी आणि दहा वर्षांचा मुलगा. मे महिन्यात नऊ दिवस हाताशी आहेत. कोपनहेगनला राहून लेगोलँड एका दिवसात करून या, असं ओळखीच्यांनी सुचवलंय. जमेल का? (औंध)

जमेल, पण करू नका. कोपनहेगनहून बिलुंड साधारण २६० किलोमीटर. बिलुंडला रेल्वे स्टेशन नाही, त्यामुळे वायले या शहरापर्यंत ट्रेन आणि पुढे बस. सगळं वेळेवर मिळालं तरी एका बाजूला तीन तास सहज जातात. मुलं पहाटे उठून निघणार, अकराच्या पुढे पोहोचणार आणि चारच्या सुमाराला परतीची गाडी गाठायची म्हणून तुम्ही त्यांना ओढत बाहेर काढणार. एवढा खर्च करून मुलांच्या वाट्याला रडारडच यायची.

उलट करा. सहा रात्री बिलुंडला एकाच ठिकाणी राहा आणि शेवटची एक रात्र कोपनहेगनला. बिलुंड एवढं छोटं आहे की विमानतळ, लेगोलँड आणि गावातलं लेगो हाउस ही तिन्ही ठिकाणं दोन-तीन किलोमीटरच्या आत येतात. रोज बॅगा भरणं, चेक-आउट, स्टेशन गाठणं यातून सुटका होते. मुलांच्या सहलीत थकवा येतो तो याच गोष्टींनी.

पोहोचल्याच्या दिवशी तिकीट लागेल असं काहीही ठरवू नका. मे महिन्यात आपली घड्याळं त्यांच्या साडेतीन तास पुढे असतात, त्यामुळे मुलं संध्याकाळी सहालाच पेंगायला लागतात. लेगो हाउसच्या तळमजल्यावरचा चौक आणि इमारतीच्या पायऱ्या-पायऱ्यांच्या गच्च्या सगळ्यांना फुकट खुल्या आहेत. पहिल्या संध्याकाळी तेवढंच पुरे. दुसऱ्या दिवशी लेगोलँड, तिसरा दिवस मोकळा ठेवा, चौथ्या दिवशी लेगो हाउस आतून, पाचव्या दिवशी येलिंगच्या जुन्या राजशिळा आणि गिव्हस्कुडचं प्राणिसंग्रहालय, सहाव्या दिवशी रीबं हे जुनं शहर (या ठिकाणांबद्दल पुढे येईलच). मोकळा दिवस कापायचा मोह होईल, पण तो कापू नका. पाऊस आला तर लेगोलँड त्या दिवसावर ढकलता येतं.

तारखांच्या बाबतीत पुणेकरांचं नशीब चांगलं आहे. डॅनिश शाळांची उन्हाळी सुट्टी जूनच्या अखेरीस सुरू होते. आपली मुलं जूनच्या मध्यापर्यंत मोकळी असतात, म्हणजे मे महिन्यातल्या कामाच्या दिवशी तुम्हाला रांगा फार कमी लागतील. अपवाद दोन : ईस्टरनंतर एकोणचाळिसाव्या दिवशी येणारा सुट्टीचा गुरुवार, ज्याला जोडून सगळा देश शुक्रवारही घेतो, आणि पेंटेकॉस्ट या ख्रिस्ती सणाचा सोमवार. या तारखा दरवर्षी बदलतात, विमानाचं तिकीट काढण्याआधी पाहून घ्या. सार्वजनिक सुट्टीला मोठी सुपरमार्केटं बंद असतात, ५ जूनच्या संविधान दिनालाही. आदल्या दिवशी दूध-ब्रेड भरून ठेवा.

लेगोलँडमध्ये शिरताच मिनीलँड लागतं : विटांची बंदरं, गावं, विमानतळ, सगळं १:२० प्रमाणात. सगळे लोक तिथेच थबकतात. तुम्ही थांबू नका. पहिला दीड तास आत खोलवरच्या रोलर कोस्टरना द्या, रांगा वाढल्या की मिनीलँडकडे या. मोठ्या राइड्सना उंचीची अट असते, बहुतेक १०० किंवा १२० सेंटिमीटर. सहा वर्षांची मुलगी नेमकी ११८ ला अडली की दारात रडू कोसळतं. घरीच भिंतीला उभं करून मोजा, पार्कच्या संकेतस्थळावर प्रत्येक राइडची अट पाहा आणि काय चालेल, काय नाही हे मुलीला पुण्यातच सांगून ठेवा. मे महिन्यात दुपारी १५-१७ अंश असतं आणि वारा सुटलेला असतो. पाण्याच्या राइडवर भिजलेलं मूल दहा मिनिटांत कुडकुडतं. तिथे रेनकोट घालूनच बसवा आणि पाठपिशवीत सुक्या मोज्यांचा जोड ठेवा.

लेगो हाउसचं तिकीट वेगळं आणि प्रवेशाच्या वेळेसह काढायचं असतं. हंगामाबाहेर काही वार ते बंद असतं, कॅलेंडर पाहा. ही इमारत वास्तुविशारद ब्यार्के इंगेल्स यांच्या संस्थेच्या आराखड्यानुसार बांधली, २०१७ मध्ये उघडली. आत मुलं तीन-चार तास सहज रमतात, कारण इथे पाहण्यापेक्षा बांधायचंच जास्त असतं. साच्याच्या यंत्रातून निघालेल्या सहा लाल विटांचं पाकीट प्रत्येकाला मिळतं, सोबत त्या सहा विटांच्या एका जुळणीचं कार्ड. अशा सहा विटा ९१,५१,०३,७६५ प्रकारे जोडता येतात. दहा वर्षांच्या मुलाला हा आकडा आधी सांगू नका, तिथेच कळू द्या.

प्रश्न : आमचं मूल अडीच वर्षांचं आहे. त्याच्यासाठी एवढ्या लांब जाण्यात अर्थ आहे का? (हडपसर)

फक्त त्याच्यासाठी असेल तर चार वर्षं थांबा. मोठं भावंड सोबत असेल तर जरूर जा : तीन वर्षांखालच्यांना लेगोलँडमध्ये तिकीट नाही, ड्यूप्लो या मोठ्या आकाराच्या विटांचा विभाग याच वयासाठी आहे आणि बाबागाडी सगळीकडे फिरते. वयाच्या पुराव्याला पासपोर्टची छायाप्रत पुरते.

प्रश्न : व्हिसासाठी किती आधी तयारी करावी? सोबत सासू-सासरे आहेत. परतताना चार दिवस पॅरिस करायचं आहे. (कोथरूड)

शेंगेन व्हिसाचा (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा एकच व्हिसा) अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. कमीत कमी पंधरा दिवस आधी तो करावाच लागतो. निर्णयाला नियमाने पंधरा दिवस लागतात, पण तो पंचेचाळीस दिवसांपर्यंत लांबू शकतो. मे महिन्यासाठी फेब्रुवारीत अर्ज द्या. मार्च-एप्रिलमध्ये सगळं पुणं-मुंबई त्याच रांगेत असतं आणि अपॉइंटमेंटच मिळत नाही.

अर्ज कोणत्या देशाकडे? ज्या देशात मुक्काम जास्त, त्याच्याकडे. डेन्मार्कला सहा रात्री आणि पॅरिसला चार असतील तर डेन्मार्क. मुक्काम सारखाच असेल तर जिथे आधी प्रवेश करणार तो देश. हॉटेलची आरक्षणं या हिशेबाशी जुळायला हवीत. पॅरिसची एक रात्र वाढवली आणि अर्ज तसाच ठेवला, तर कागद एकमेकांशी भांडतात.

शुल्क प्रौढांना ९० युरो, सहा ते अकरा वर्षांच्या मुलांना ४५ आणि सहा वर्षांखाली माफ. सेवा केंद्राचं शुल्क वेगळं. प्रवास विम्याचं कवच किमान ३०,००० युरोंचं आणि सगळ्या शेंगेन देशांत चालणारं हवं. सासू-सासऱ्यांच्या विम्यात आधीपासूनच्या आजारांचा उल्लेख नीट करा. तो लपवला तर ऐन वेळी दावा फेटाळला जातो. खर्च तुम्ही करणार असाल तर तसं पत्र, तुमची बँक स्टेटमेंट आणि आयकर विवरणपत्रं त्यांच्या अर्जालाही जोडा.

अर्ज हमखास अडतो तो मुलांच्या पासपोर्टवर. मोठ्यांचा दहा वर्षांचा, पण मुलांचा पाचच वर्षांचा असतो आणि हे घरात कुणाच्या लक्षात राहत नाही. शेंगेन देशांतून निघण्याच्या तारखेनंतर तो किमान तीन महिने चालणारा हवा आणि दोन पानं कोरी हवीत. मुलांच्या अर्जावर आई-वडील दोघांच्या सह्या लागतात.

प्रश्न : पुण्याहून बिलुंडला पोहोचायचा सोपा मार्ग कोणता? (सहकारनगर)

मुंबईहून सुटणारं आणि युरोपातल्या एखाद्या मोठ्या विमानतळावर एकदाच बदलून थेट बिलुंडला उतरवणारं तिकीट मिळालं तर थोडे जास्त पैसे देऊनही तेच घ्या. ॲमस्टरडॅम, फ्रँकफर्ट आणि इस्तंबूल हे बिलुंडशी जोडलेले विमानतळ आहेत. ॲमस्टरडॅम किंवा फ्रँकफर्टवरून गेलात तर पासपोर्टची तपासणी तिथेच होते. ऑक्टोबर २०२५ पासून युरोपने प्रवेशाची नवी संगणकीय नोंद सुरू केली आहे. पहिल्या खेपेला फोटो आणि बारा वर्षांवरच्यांचे बोटांचे ठसे घेतले जातात, रांग लांबते. दोन विमानांमध्ये तीन तास ठेवा. दीड तासाची जोडणी तिकिटावर चालते, रांगेत चालत नाही.

कोपनहेगनला उतरलात तर स्टेशन विमानतळाच्या खालीच आहे. वायलेपर्यंत अडीच तासांच्या आसपास, पुढे बस. एका मोठ्या माणसासोबत बारा वर्षांखालची दोन मुलं ट्रेनमध्ये फुकट जातात, पण तिकिटात जागा धरलेली नसते. सीटचं आरक्षण थोडे पैसे देऊन वेगळं करा, नाहीतर बॅगा आणि पेंगलेली मुलं घेऊन दोन डब्यांच्या मधल्या जागेत उभं राहावं लागेल. ऑरेंज नावाची स्वस्त तिकिटं आधी काढली तरच मिळतात आणि ती त्याच गाडीला चालतात, म्हणून विमान उतरण्याच्या वेळेला अगदी चिकटून काढू नका. मधेच समुद्राखालचा बोगदा आणि लगेच लांबलचक पूल लागतो, मुलांना तोवर जागं ठेवा.

प्रश्न : आम्ही सहा जण आहोत, पूर्ण शाकाहारी. हॉटेलऐवजी स्वयंपाकघर असलेलं घर घ्यावं म्हणतो. काय पाहावं? पुण्याहून काय न्यावं? (बिबवेवाडी)

सहा जणांना घरच योग्य. डेन्मार्कमध्ये सुट्टीची घरं भाड्याने देण्याची पद्धत जुनी आणि चोख आहे, पण आपल्याला अपेक्षित असतं ते सगळं भाड्यात नसतं. हंगामात घर बहुधा शनिवार ते शनिवार मिळतं. वीज आणि पाणी मीटरप्रमाणे वेगळं, शेवटची साफसफाई वेगळी, चादरी-टॉवेल बऱ्याचदा वेगळे. आरक्षण करताना या चार गोष्टींची रक्कम मिळवूनच हॉटेलशी तुलना करा. घरात पाऊल टाकताच मीटरच्या आकड्याचा फोटो काढा, निघतानाही काढा. साफसफाई स्वतः करण्याचा पर्याय घेतलात तर ओव्हनच्या ट्रेपासून फ्रिजच्या रबरापर्यंत पुसायची तयारी ठेवा, ते खरंच तपासतात.

शेगड्या बहुतेक इंडक्शनच्या असतात, आणि इथे पुण्याहून नेलेला कुकर दगा देतो. ॲल्युमिनियमचा कुकर इंडक्शनवर तापतच नाही. लोहचुंबक तळाला चिकटलं तरच तो कुकर न्या. तीन लिटरचा इंडक्शन बेसचा स्टीलचा कुकर सहा जणांच्या वरण-भाताला दोन खेपांत पुरतो. फोडणी घालण्याआधी चिमणी पूर्ण वेगावर सुरू करा. घरोघरी धुराचा अलार्म असतो आणि मोहरी-मिरचीच्या धुरानेही तो लगेच वाजतो. आपली तीन गोल पिनांची प्लग तिथे बसत नाही, ॲडॉप्टर न्या. व्होल्टेज २३० असल्याने मिक्सर चालतो.

आता सामान. भारतातून दूध आणि मांसाचे पदार्थ युरोपीय देशांत सोबत नेता येत नाहीत. म्हणजे साजूक तूप, पेढे, खव्याची बर्फी, चक्का घरीच ठेवा. ताज्या फळांमध्ये केळी, अननस, नारळ, खजूर अशी चार-पाचच सूट मिळालेली नावं आहेत आणि त्यात आंबा नाही. मे महिन्यात निघताना हापूसची पेटी कुणी आग्रहाने दिली तरी घेऊ नका, जप्त होईल. ताजा कढीपत्ताही नाही. वाळवून कुटलेला मसाला चालतो. तान्ह्या बाळाची दूध पावडर दोन किलोंपर्यंत चालते.

न्यावं ते असं : कणीक दोन किलो, तूरडाळ एक किलो, पोहे, मेतकूट, शेंगदाण्याची आणि जवसाची चटणी, गोडा मसाला, हिंग घट्ट डबीत, आणि पहिल्या दोन दिवसांच्या तेलावर केलेल्या दशम्या. बासमती, लाल मसूर, हरभरे, बटाटे, कांदे, कोबी, फ्लॉवर तिथल्या नेट्टो, रेमा १००० किंवा लिडलमध्ये मिळतात. साधं दही मिळतं आणि 'केर्नेमेल्क' नावाच्या खोक्यात चक्क ताक मिळतं, कढीला उत्तम. तूप हवं असेल तर बिनमिठाचं लोणी घेऊन मंद आचेवर कढवा. लोणी घेताना वेष्टन नीट वाचा : तिथलं नेहमीचं लोणी खारं असतं आणि खाऱ्या लोण्याचं तूप वाया जातं.

बाहेर खाताना आणि गोळ्या-चॉकलेटं घेताना मात्र डोळे उघडे ठेवा. जेलीच्या गोळ्यांत जिलेटिन असतं, ते बहुधा डुकराचं. चीजमध्ये दूध गोठवणारं, प्राण्याच्या जठरातलं रेनेट असू शकतं; कट्टर शाकाहारी असाल तर सूक्ष्मजीवांपासूनचं रेनेट असा उल्लेख शोधा. फोनच्या कॅमेऱ्यावर भाषांतराचं ॲप आधीच उतरवून ठेवा. 'व्हेगन्स्क' हा शिक्का दिसला की दूध-अंडंही नाही, 'व्हेगेटार' असेल तर अंडं असू शकतं. लेगोलँडमध्ये स्वतःचा डबा नेता येतो. डॅनिश कुटुंबंही डबाच आणतात, त्यामुळे बाकावर बसून पोळीचा रोल खायला संकोच वाटायचं कारण नाही. नळाचं पाणी पिण्याजोगं असतं. विकतच्या बाटलीवर एक ते तीन क्रोन अनामत घेतलेली असते, सुपरमार्केटमधल्या यंत्रात बाटली टाकून ती परत मिळवा. हे काम मुलं आनंदाने करतात.

प्रश्न : गाडी भाड्याने घ्यावी का? (वाकड)

बिलुंड आणि लेगोलँडपुरतं नको, आसपास फिरायला हवी. तीन दिवसांसाठी घ्या, सहा दिवस उभी ठेवायला नको.

आंतरराष्ट्रीय परवान्यासाठी सारथी पोर्टलवर अर्ज करा. तो एक वर्ष चालतो आणि मूळ लायसन्सही सोबत ठेवावं लागतं. आरटीओचं काम शेवटच्या आठवड्यावर टाकू नका. गाडी ऑटोमॅटिक मागा, कारण गाडी रस्त्याच्या उजवीकडून चालवताना उजव्या हाताने गिअर शोधणं पहिल्याच दिवशी नको. अनामत रक्कम अडवून ठेवायला चालकाच्याच नावाचं क्रेडिट कार्ड लागतं. बायकोच्या नावाचं कार्ड आणि नवऱ्याच्या नावाचं आरक्षण, अशाने काउंटरवर गाडी नाकारली जाते. १३५ सेंटिमीटरपेक्षा बुटक्या मुलाला उंचीनुसार सीट सक्तीची आहे, ती गाडीसोबतच आरक्षित करा. सात सीटरमध्ये सातही बसले की बॅगांना जागा उरत नाही.

पुण्यात हात बसलेल्यांची सगळ्यात मोठी चूक उजवीकडे वळताना होते. तुमच्या उजव्या अंगाला सायकलींची पट्टी असते आणि सरळ जाणाऱ्या सायकलस्वाराचा हक्क तुमच्याआधी असतो. तो थांबेल असं तिथे कुणी धरत नाही, तो वेगातच येतो. वळण्याआधी आरसा, मग मान वळवून खांद्यावरून मागे, मगच वळा. शेजारी बसणाऱ्याने प्रत्येक उजव्या वळणाला 'सायकल?' असं मोठ्याने विचारायचं, हा नियमच करा. रस्त्यावर पांढऱ्या त्रिकोणांची रांग दिसली की आडव्या रस्त्यावरून येणाऱ्यांना वाट द्यायची. दिवे दिवसाही लागलेले हवेत. वेग गावात ५०, बाहेर ८०, मोटरवेवर १३०, काही ठिकाणी ११०. पार्किंगला काचेच्या उजव्या कोपऱ्यात घड्याळासारखी तबकडी असते, पोहोचल्याची वेळ त्यावर लावायची. विसरलात तर दंडाची चिठ्ठी ठरलेली.

गाडी घेतलीच आहे तर गिव्हस्कुडला स्वतःच्या गाडीतून सिंहांच्या कुरणातून जाता येतं, काचा बंद ठेवून. मुलं त्याची आठवण सगळ्यात जास्त काढतात. तिथून जवळ येलिंग आहे. दहाव्या शतकातल्या राजा हॅराल्ड ब्लूटूथने उभारलेली, रून या जुन्या लिपीतला लेख कोरलेली शिला, शेजारी त्याच्या वडिलांची शिला, दोन प्रचंड टेकाडं. जागतिक वारसा यादीत १९९४ पासून. समोरचं संग्रहालय फुकट आहे. फोनवरच्या ब्लूटूथचं चिन्ह याच राजाच्या नावाच्या दोन रून-अक्षरांचं आहे, हे मुलांना शिळेसमोर सांगा.

प्रश्न : वडील ७२ वर्षांचे, गुडघे दुखतात. त्यांना रीबं झेपेल का? (सिंहगड रस्ता)

रीबं हे डेन्मार्कमधलं सगळ्यात जुनं शहर, आणि त्याचे रस्ते गोट्या दगडांचे आहेत. जाड, मऊ तळव्याचे बूट हवेतच, चप्पल नको. कॅथेड्रलच्या मनोऱ्याला २४८ पायऱ्या आहेत, तो मुलांना आणि तुम्हाला. वडिलांना खालच्या चौकात बसवा, सगळं शहर तिथूनच दिसतं. उन्हाळ्यात रात्री दहाला पहारेकरी कंदील घेऊन गाणं म्हणत गावातून फेरी मारतो, सोबत फिरायला पैसे लागत नाहीत. ही पाऊण तासाची फेरी दगडांवरूनच असल्याने वडिलांना अर्धीच करू द्या.

त्यांना खरा आनंद रीबंजवळच्या मांडू बेटाच्या ट्रॅक्टर-बसमध्ये मिळेल. वाडन समुद्राचं पाणी ओहोटीला मागे सरतं आणि उघड्या पडलेल्या तळावरून ट्रॅक्टर उंच डबा ओढत बेटावर नेतो. वेळापत्रक भरती-ओहोटीवर चालतं, म्हणून ते रोज बदलतं. आधी बस ठरवा आणि रीबंचा दिवस त्यानुसार निवडा. बेटाचा रस्ता भरतीला पाण्याखाली जातो, स्वतःची गाडी घालू नका. डब्याची पायरी उंच असते, चढताना वडिलांना हात द्या.

प्रश्न : आम्हाला दिवाळीचीच सुट्टी मिळते. (चिंचवड)

दिवाळी ऑक्टोबरमध्ये असेल तर जा. लेगोलँड साधारण नोव्हेंबरच्या सुरुवातीपर्यंत चालतं, पण शरद ऋतूत काही वार बंद असतं. ऑक्टोबरच्या मध्यात डॅनिश शाळांना आठवड्याची सुट्टी असते, तो आठवडा टाळा. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं तासभर मागे जातात आणि त्यानंतर पावणेपाचलाच अंधारून येतं. दिवाळी नोव्हेंबरात असेल तर फक्त लेगो हाउस आणि लालँडिया या बिलुंडच्या सुट्टी-केंद्रातल्या आच्छादित जलक्रीडेवर भर द्यावा लागेल. लालँडियात एक नियम आधी माहीत असू द्या : तलावात उतरण्याआधी पोशाख काढून साबणाने पूर्ण अंघोळ करायची असते, पुरुषांच्या आणि स्त्रियांच्या वेगळ्या पण सामाईक न्हाणीघरात. मोठ्या मुलांना हे पुण्यातच सांगा.

प्रश्न : पैसे युरोत न्यावेत का? (सदाशिव पेठ)

डेन्मार्कचं चलन क्रोन आहे, युरो नाही. एक क्रोन साधारण १४ रुपये धरून हिशेब करा. रोख जवळजवळ लागतच नाही, बस ते बेकरी सगळीकडे कार्ड चालतं. यंत्राने 'रुपयांत की क्रोनमध्ये' विचारलं तर क्रोन निवडा. रुपये निवडले की वाईट दर लावला जातो. दोन वेगवेगळ्या बँकांची कार्डं न्या आणि निघण्याआधी दोन्हींवर परदेशातले व्यवहार ॲपमधून सुरू करून ठेवा. साध्या उपाहारगृहात एका माणसाचं मुख्य जेवण १५० ते २५० क्रोनपर्यंत जातं. सहा जणांनी रोज एकदा बाहेर जेवायचं ठरवलं, तर घरी स्वयंपाक करून वाचवलेले पैसे तिथेच संपतील. आठवड्यातून दोनदा ठीक.